पांढऱ्याचं माप

"उडवू का?"

"थांबा दाजी, थांबा! आत्ताच नको."

"अहो, किती थांबू? पाय रुतलेत माझे चिखलात. बगळे राहतील बाजूला, मलाच उपसून काढायला माणसं बोलवावी लागतील."

मुलुंडच्या पूर्वेला, हायवे ओलांडला की मिठागरं सुरू व्हायची. त्यातल्या एका बांधावर अंबादास उकिडवा बसला होता. डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेआठ. गळ्यात जुना रशियन कॅमेरा, त्याला पुढे वीतभर लांब लेन्स, आणि डावा तळहात उन्हात असा पसरलेला, की शाळेत मास्तरांपुढे छडी खायला धरावा. समोरच्या वाफ्यात वीस-पंचवीस बगळे चरत होते. त्यांच्या पलीकडे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात गोणपाट घेऊन भीमराज उभा होता.

भीमराज म्हणजे अंबादासच्या धाकट्या बहिणीचा, मीराचा नवरा. पालिकेच्या पाणी खात्यात चावीवाला. उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची आणि गल्लोगल्ली रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडत फिरायचं, हे त्याचं काम. पाणी जोरात आलं तर बायका त्याला चहा पाजायच्या, नाही आलं तर त्याच्या नावाने बोटं मोडायच्या. तो दोन्ही सारख्याच तोंडाने घ्यायचा. आठवड्याची एक सुट्टी, ती मेव्हण्यासाठी बगळे उडवण्यात घालवायचा.

"काय लिहिलंय हातावर? परदेशगमन आहे का?" त्याने लांबून विचारलं.

अंबादासने कॅमेरा तळहाताजवळ नेऊन आतला उजेड मापायचा काटा पाहिला. "पाचशेला अकरा लिहिलंय. हां! उडवा आता!"

भीमराजने गोणपाट गरगरा फिरवलं आणि बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "ह्या ऽऽ हुर्र!" सगळा थवा एकदम उठला. अंबादासने श्वास धरला, थव्याबरोबर कॅमेरा फिरवला, बटण दाबलं. फिल्म पुढे ओढली, पुन्हा दाबलं. पुन्हा ओढली, पुन्हा दाबलं. तेवढ्यात बगळे तिवरांच्या झाडांच्या रांगेवरून खाडीकडे निघून गेले.

"आले का?"

"धुतल्यावर कळेल."

"गेल्या रविवारी पण हेच म्हणालात!"

मिठागराचे मुकादम गुणाजी बांधावरून चालले होते. मालवणकडचे, साठीचे, डोक्याला पंचा गुंडाळलेले. हा तमाशा ते दोन हिवाळे बघत आले होते आणि आता तिसरा चालू होता. आज त्यांना राहवलं नाही. "बगळ्यांचे फोटो काढून करतल्यात काय रे? त्येंची लग्नां जमवूची आसत काय?"

"लग्न आमचंच आहे मुकादम," भीमराज चिखलातून पाय काढत म्हणाला. "अडीच वर्षांपूर्वी झालंय. त्याचेच फोटो चाललेत अजून!"

मुकादमांना वाटलं, थट्टा करतोय. पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

झालं होतं असं. एक्याऐंशीच्या मे महिन्यात मीराचं लग्न निघालं. वडील गेल्यापासून मीराला अंबादासनेच वाढवलेली, तेव्हा लग्नात याची छाती चार बोटं फुगलेली. त्यात तीनच महिन्यांपूर्वी त्याने हा कॅमेरा घेतलेला. नोकरी पालिकेच्या इस्पितळात, एक्स-रे विभागाच्या डार्करूममध्ये. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाडांच्या फिल्मा धुऊन धुऊन त्याला वाटायला लागलं होतं, की एकदा आपणही माणसाचा बाहेरून फोटो काढावा. "घरचा फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला?" असं त्याने सगळ्यांना ठणकावून सांगितलं.

बौद्ध पद्धतीचं लग्न. नवरीला पांढरी साडी, नवऱ्याला पांढरा शर्ट, पांढरी पँट. टेबलावर पांढरी चादर, त्यावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. मांडवाचं कापड पांढरं आणि निम्मे पाहुणेही पांढऱ्यात. कॅमेऱ्यात काटा होता. काटा मध्यावर आला की फोटो बरोबर, असं पुस्तकात लिहिलं होतं, आणि अंबादास लिहिल्याबरहुकूम चालणारा माणूस. काटा सांगेल ती पूर्व दिशा.

आता त्या काट्याला बिचाऱ्याला काय कळतं? समोर जिकडेतिकडे पांढरंफेक दिसल्यावर त्याला वाटलं, अरे बापरे, केवढं हे ऊन! बंद करा, भिंग बंद करा! अंबादासने केलं. दोन रोल, बहात्तर फोटो. मांडव राखाडी, साडी राखाडी, आणि माणसांचे चेहरे तव्याच्या बुडासारखे. मीरा ओळखू यायची ती हारावरून. भीमराज ओळखू यायचा तो दातांवरून, कारण बहात्तरच्या बहात्तर फोटोंत तो हसत होता.

"लग्न काय अवसेला लागलं होतं का रे?" मावशीने विचारलं. अंबादासची बायको चंपा म्हणाली, "बरं झालं, घरचंच होतं. बाहेर असं केलं असतंत तर लोकांनी धुतलं असतं." मीरा सगळ्यांबरोबर हसली. नंतर ती मोरीत तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. अंबादासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भीमराजने मात्र अल्बम मांडीवर घेतला, एकेक फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "अहो दादा, त्यात काय एवढं! परत काढू की. साडी आहे, शर्ट आहे, नवरा-बायको तर आहेतच. तुम्ही म्हणाल त्या रविवारी."

यावर अंबादास जे बोलला, त्याचा त्याला पुढे फार पस्तावा झाला. तो म्हणाला, "काढू. पण आधी मला शिकू द्या दाजी. पांढरं म्हणजे काय असतं ते एकदा कळू दे. एकदा नाक कापलं गेलंय, दुसऱ्यांदा नको."

पाच रस्त्याजवळच्या एका स्टुडिओचा म्हातारा मालक त्याच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "पांढऱ्याची परीक्षाच द्यायचीय ना? मग उडता बगळा काढ. तो जमला की जगातलं कुठलंही पांढरं जमेल." झालं! अंबादासने ते मनावर घेतलं. आणि मनावर घेतलं की हा माणूस कसा, ते चंपाला विचारा.

पहिला हिवाळा पार वाया गेला. बगळ्यांच्या मागे तिवरांची काळी रांग आली की काटा म्हणायचा पाच पॉइंट सहा, म्हणजे भिंग मोठं उघडा. तसं ठेवलं की फोटोत बगळ्याच्या जागी नुसतं भोक, कागद कात्रीने कापावा तसं. पीस नाही, डोळा नाही, काही नाही. मग त्याने आभाळ मागे घेऊन पाहिलं. काटा म्हणाला सोळा, म्हणजे भिंग बारीक करा. तसं ठेवलं तर बगळा काळाठिक्कर.

"दादा, हा कावळा मात्र झकास आलाय," भीमराज फोटो बघून म्हणाला.

"बगळाच आहे तो!"

"मग तो पण आमच्याच लग्नाला आलेला दिसतोय."

असे रविवारमागून रविवार गेले. मग एकदा दोघे बांधावर भाकरी खात बसले होते. अंबादास कपाळाला हात लावून होता, आणि भीमराज चटणी बोटाने निपटता निपटता म्हणाला, "दादा, मला काय वाटतं सांगू? तुमचा काटा बगळ्याकडे बघतच नाही. बगळ्याच्या मागे कोण उभंय ते बघतो. आमच्या साहेबासारखा आहे."

अंबादासचा घास हातातच राहिला.

"खरं की नाही? मागे झाड असो नाहीतर आभाळ असो, बगळा तोच आणि ऊन पण तेच. मग माप कशाला बदलायचं?"

वीस वर्षं डार्करूममध्ये काढलेल्या माणसाला जे सुचलं नव्हतं, ते या चावीवाल्याने भाकरी खाता खाता सांगितलं होतं. त्या दिवसापासून अंबादास काट्याला तिकडे बघू द्यायचाच नाही. जे ऊन बगळ्यावर, तेच आपल्या तळहातावर. मग तळहात पुढे धरायचा, काटा तिथे काय म्हणतो ते बघायचं, तेच माप ठेवायचं आणि नंतर काट्याने कितीही आरडाओरडा केला तरी हलायचं नाही. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी एका फोटोत पहिल्यांदा पिसं आली. पंखाच्या टोकाची एकेक काडी सुटी दिसत होती. दोघांनी त्या दिवशी हायवेच्या कडेला दोन-दोन प्लेट भजी खाल्ली.

खरं तर तेव्हाच लग्नाचा फोटो काढायचा. भीमराज म्हणालाही, "शिकलात की आता! काढा आमचा." पण अंबादासला पोटाकडची पिसं जरा भाजल्यासारखी, नुसतीच पांढरी वाटत होती. ती जमली तेव्हा पंखाखालची सावली पसंत पडेना. एवढं झालं की मग काढू, असं म्हणता म्हणता तिसरा हिवाळा लागला होता.

त्या रविवारी परत निघताना सायकल हायवेवर चढवताना भीमराजला खोकला आला. नेहमी तो सायकल मारायचा आणि अंबादास मागे कॅरियरवर कॅमेरा पोटाशी धरून बसायचा. आज भीमराज मध्येच उतरला, हँडलवर वाकून खोकत राहिला.

"कधीपासून आहे हे?"

"असेल महिना-दीड महिना. थंडीचं आहे."

"उद्या इस्पितळात या. छातीचा एक फोटो काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी भीमराज आला, तो सगळ्या विभागाला हसवतच आला. शर्ट काढून मशीनसमोर उभा राहिला आणि टेक्निशियन अनंतला म्हणाला, "बघा, अडीच वर्षं मागे लागलो तेव्हा आज मेव्हण्यांनी आमचा फोटो काढला. तो पण उघड्याने!"

फिल्म धुवायला आत आली. लाल दिव्यात अंबादासने ती चौकटीत अडकवली, टाकीत सोडली, घड्याळ लावलं. हे त्याने हजारो वेळा केलं होतं. पाण्यातून काढून पांढऱ्या दिव्यासमोर धरली आणि तो तसाच उभा राहिला.

क्षयाचं पांढरं त्याला ओळखू यायचं. छातीच्या वरच्या भागात, कापूस पिंजून टाकल्यासारखं असायचं ते. त्याला आता औषधं होती. दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या की माणूस कामाला लागायचा. हे तसं नव्हतं. उजव्या बाजूला, हृदयाच्या शेजारी, लिंबाएवढा घट्ट पांढरा गोळा.

तो बाहेर आला आणि अनंतला बाजूला घेऊन म्हणाला, "फिल्म खराब निघाली. परत घे."

"खराब? तुझ्या हातची? बघू."

"बघू काय त्यात! परत घे म्हणतो ना."

अनंतने परत घेतली. अंबादासने पुन्हा धुतली. आपलं काहीतरी चुकलेलं असू दे, वीस वर्षांत चुकलं नाही ते आज चुकू दे, असं म्हणत तो टाकीपाशी उभा होता. दुसऱ्या फिल्मवरही लिंबू त्याच जागी होतं.

बाहेर भीमराज शर्टाची बटणं लावत होता. "कसा आलाय?"

"डॉक्टर बघतील."

"चेहरा काळा नाही ना आला?"

भीमराज हसला, म्हणून अंबादासही हसला. मग तो आत गेला, दार लावलं, नळ मोठा सोडला आणि टाकीच्या काठाला धरून पोटभर रडला.

डॉक्टरांनी परळच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे तपासण्या झाल्या, मग किरणांचे शेक सुरू झाले. आठवड्यातून पाच दिवस मीरा त्याला घेऊन जायची. घरात त्या रोगाचं नाव कुणी काढत नव्हतं. मीरा म्हणायची "ते छातीचं", चंपा म्हणायची "त्यांचं दुखणं", आणि भीमराज म्हणायचा "आमचा गळका पाइप".

रविवार मात्र त्याने सोडले नाहीत. आता सायकल अंबादास मारायचा आणि भीमराज मागे बसायचा. बेचाळिसाव्या वर्षी डबल सीट मारायची म्हणजे दम लागेल, असं अंबादासला वाटलं होतं. पण दर रविवारी सायकल जास्त हलकी लागत गेली, आणि ते त्याला सहन होईना. मिठागरावर गेलं की भीमराज मफलर गुंडाळून बांधावर बसून राही. बगळे कुणी उडवत नव्हतं. ते आपापले उडतील तेव्हा अंबादास बटण दाबायचा, आणि फोटो हललेले येत.

फोटोचा विषय तो काढू शकत नव्हता. कसा काढणार? आता "चला दाजी, लग्नाचा फोटो काढू" म्हणायचं म्हणजे "दाजी, तुम्ही चाललात" असंच तोंडावर सांगायचं. आणि नाही म्हणावं तर दिवस हातातून चाललेले. रोज सकाळी उठल्याबरोबर हाच विचार, आणि इस्पितळातून परत येतानाही हाच. तीन हिवाळ्यांत पन्नासेक रविवार मिळाले होते. प्रत्येक रविवारी तो माणूस समोर चांगला धडधाकट उभा होता, आणि आपण भिंग बगळ्यांकडे धरून बसलो. चंपा त्याला एकदा म्हणाली, "काढून टाका ना एकदाचा." तर तो तिच्यावर खेकसला आणि मग जेवला नाही.

शेवटी फेब्रुवारीत भीमराजनेच तोंड उघडलं.

"दादा, तुमची ही बगळ्यांची शाळा सुटणार कधी?"

"अजून... ती पंखाखालची सावली..."

"ती राहू दे हो सावली." भीमराज थांबला, दम घेतला. "मी शर्ट इस्त्रीला टाकलाय. मीराने साडी काढून ठेवलीय. पुढच्या रविवारी काढा. इथेच काढा, मागे बगळे घेऊन. कॅलेंडरसारखा."

अंबादासने मान खाली घातली.

"आणि माझ्यासमोर चेहरा सांभाळत बसू नका उगाच. चावीवाला आहे मी. पाणी कधी जाणार ते लोकांच्या आधी मला कळतं."

"मी लग्नानंतरच्याच रविवारी काढायला पाहिजे होता," अंबादास म्हणाला. "गाढव आहे मी, दाजी. बगळ्यांच्या नादी लागलो आणि तुम्हाला..."

"मग हे बगळे कुणी दाखवले असते मला? तोवर बगळा म्हणजे म्हशीच्या पाठीवर बसतो, एवढंच माहीत होतं. पन्नास रविवार मजा केली आपण. मी तर कधी मोजत बसलो नाही, फोटो कधी निघतो म्हणून." त्याने अंबादासच्या पाठीवर हात ठेवला. "फक्त आता काढा. मीराला पाहिजे आहे."

पुढच्या रविवारी ऊन तिरपं आणि मऊ असतानाच तिघं रिक्षाने हायवेपर्यंत आली. पुढे बांधावरून चालत. मीराने लग्नाचीच साडी नेसली होती. भीमराजने लग्नाचाच शर्ट घातला होता, आणि तो त्याच्या अंगावर असा लोंबत होता, की त्याच्यात दुसरा एक माणूस मावला असता. अंबादासने लेन्स पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

मीराने बांगड्यांतल्या सेफ्टी पिना काढल्या, दातांत धरल्या आणि नवऱ्याच्या मागे गेली. शर्टाची मागची चुणी गोळा करून तिने एक पिन मानेखाली लावली, दोन पाठीवर, एक कमरेला.

"हलू नका. टोचेल."

"मागनं गोधडी दिसत असेल माझी."

"मागनं कोण बघतंय तुम्हाला?" मीरा म्हणाली. पुढे येऊन तिने कॉलर सारखी केली. समोरून शर्ट अगदी मापात बसला होता.

अंबादासने तळहात पुढे केला नाही. बगळ्याला लांबून मापावं लागतं, कारण तो जवळ येऊ देत नाही. माणसाचा चेहरा हवा तर त्याच्यापाशीच जायचं आणि त्यालाच विचारायचं, बाजूचं मीठ काय म्हणतंय, साडी काय म्हणतेय, तिकडे लक्ष द्यायचं नाही. तो भीमराजच्या इतका जवळ गेला, की कॅमेऱ्याची काच त्याच्या गालापासून वीतभर राहिली. गालाचं हाड, दाढी करताना कापलेली बारीक रेघ, आत गेलेला डोळा. त्याचा श्वास अंबादासच्या बोटांवर येत होता. हात थरथरायला लागले, तसा काटाही थरथरायला लागला. माप मिळेना.

"श्वास धरा दादा," भीमराज हळूच म्हणाला. "बगळ्याला धरता ना, तसा."

अंबादासने श्वास धरला. काटा ठरला. त्याने लेन्सची कडी फिरवून माप पक्कं केलं आणि मागे मागे चालत आपल्या जागी आला.

वाफ्यात बगळे होते, पण उडवायला कोण? अंबादास इकडेतिकडे बघतो, तर पलीकडच्या बांधावर गुणाजी मुकादम तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन उभे.

"मुकादम, तुम्ही?"

"मगे काय तो उडयतलो?" मुकादम ओरडले. "तू आपला काम बघ!"

आणि त्यांनी डबा बडवला. बगळे उठले, नवरा-बायकोच्या डोक्यामागून वर चढले. आता भीमराजने गप्प उभं राहायचं की नाही? पण तीन हिवाळ्यांची सवय! बगळ्यांच्या पंखांचा आवाज ऐकला मात्र, याने मान वर करून आपली आरोळी ठोकली, "ह्या ऽऽ हुर्र!" आवाज अर्ध्यातच चिरकला. मीराने दचकून त्याच्याकडे पाहिलं आणि ती खळखळून हसली, कित्येक दिवसांनंतर पहिल्यांदा. तोही हसला. अंबादासने बटण दाबलं.

नंतर भीमराज बराच वेळ खोकला. मीराने त्याला मिठाच्या ढिगाच्या आडोशाला बसवलं आणि मागून एकेक पिन काढली.

तो फोटो चांगला आला. चांगला म्हणजे काय, अंबादासच्या हातून तसा दुसरा कधी आलाच नाही. साडीच्या निऱ्या मोजून घ्याव्यात, बगळ्यांची पिसं मोजून घ्यावीत, आणि त्या सगळ्या पांढऱ्यात दोघांचे सावळे चेहरे स्वच्छ, हसरे. भीमराजने तो दोन्ही हातांत धरून पाहिला. आधी बगळे पाहिले, मग मीराला पाहिलं.

"काय सुंदर दिसते हो ही," तो म्हणाला. "मला वाटायचं, मलाच तसं वाटतं."

त्याने तो खाटेसमोर लावायला सांगितला. मे महिन्यात, लग्नाच्या तारखेला चार दिवस असताना तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या नावाने वंदना करायच्या दिवशी तोच फोटो तसबीर करून टेबलावर ठेवला होता. पांढरी चादर, मेणबत्त्या, मोगऱ्याचा हार. वंदना झाली, माणसं पांगायला लागली. भीमराजची एक म्हातारी चुलती मनमाडकडच्या गावाहून आली होती. लग्नाला तिला येता आलं नव्हतं. ती काठी टेकत टेबलापाशी गेली आणि तसबिरीवरून हात फिरवायला लागली.

"कसा भरल्या अंगाचा दिसतोय माझा लेक! लोकं म्हनत्यात लई वाळला व्हता. ह्यो लग्नातला का गं?"

अंबादास पाण्याचे पेले घेऊन दारात उभा होता. तो काही बोलणार, तेवढ्यात मीरा म्हणाली, "हो आत्या. लग्नातलाच."

म्हातारीने पदराने डोळे पुसले. मग तसबिरीजवळ आणखी वाकली.

"आन् ही मागं पांढरी पाखरं कसली?"

"बगळे."

"लग्नात बगळं?"

मीराने हार जरा सारखा केला, दोघांच्या चेहऱ्यावर येत होता तो.

"आले होते," ती म्हणाली.